कपडे वाळवायची खोली

दमयंती जोर्वेकर मॅडम गेल्या जूनमध्ये आमच्या आर्किटेक्चर कॉलेजातून निवृत्त झाल्या आणि कॉलेजनं त्यांचा साधा निरोप समारंभसुद्धा केला नाही. नगरमध्ये शिपाई निवृत्त झाला तरी शाल-नारळ देतात, फोटो काढतात. आणि जिल्ह्यातल्या निम्म्या आर्किटेक्टांना शिकवलेल्या बाईला शेवटच्या दिवशी हजेरीच्या मशीनवर अंगठा लावून, पिशवी उचलून रिक्षानं घरी जावं लागलं. हे का झालं ते सांगते. मी अपूर्वा, त्यांची विद्यार्थिनी. नगरलाच सावेडीत माझं छोटं ऑफिस आहे. यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. शांतपणे लिहायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही.

मॅडमचे वडील पाटबंधारे खात्यात आरेखक होते. राहुरीजवळ मुळा धरणाच्या सरकारी कॉलनीत त्यांचं बालपण गेलं. तिथली घरं सगळी एका साच्यातली. मोरीचं दार थेट पुढच्या खोलीत उघडायचं, त्यामुळं सकाळी कुणी भेटायला आलं की पाहुणा उठेपर्यंत आईची आंघोळ खोळंबायची. वडील ऑफिसातून रद्द झालेले नकाशे आणायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर या मुलीनं आपल्याच घराचा नकाशा काढला आणि मोरीचं दार मागं फिरवून दाखवलं. वडील आधी हसले. मग त्यांनी तो नीट बघितला आणि म्हणाले, "होतंय की हे. ज्यानं हे घर काढलं त्याला कसं सुचलं नाही?"

"त्याची आई तिथं आंघोळ करत नव्हती," मुलगी म्हणाली.

हा किस्सा मॅडमनी आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितला होता. सांगताना त्या हसल्या नव्हत्या.

पुण्यात शिकून त्यांनी तिथल्याच एका नावाजलेल्या ऑफिसात नोकरी धरली. मोठमोठ्या इमारतींचे नकाशे. स्वयंपाकघर दर वेळी पश्चिमेच्या कोपऱ्यात, एका खिडकीचं, आणि ती खिडकीही पाइपांच्या अंधाऱ्या डक्टमध्ये उघडणारी. मॅडमनी साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "दमयंती, फ्लॅट विकला जातो तो हॉल बघून. किचन बघून कोण चेक फाडतं?" मॅडम दोन-तीन वर्षांत कंटाळल्या, आणि नगरला नवीन आर्किटेक्चर कॉलेज निघतंय म्हटल्यावर इकडं आल्या. लग्न केलं नाही. वडील थकले तेव्हा त्यांना राहुरीहून आपल्याकडं आणलं आणि शेवटपर्यंत सांभाळलं.

त्यांचा तास म्हणजे भीती असायची. आम्ही रात्रभर जागून रंगवलेले देखणे नकाशे घेऊन जायचो आणि त्या पेन्सिलीचं टोक एका जागी टेकवून विचारायच्या, "इथं भांडी घासणारी बाई बसली की तिची पाठ कुठल्या बाजूला?" पेन्सिल पुढं सरकायची. "इथून म्हातारा माणूस संडासला जाणार. धरायला काय आहे त्याला?" एकदा माझ्या वर्गातला एक मुलगा चिडून म्हणाला, "मॅडम, हे सगळं बघत बसलो तर डिझाइन कधी करायचं?" त्या म्हणाल्या, "हेच डिझाइन आहे. तू करत होतास ती सजावट."

संशोधनातही तेच. पाथर्डीकडं सगळीकडं पत्र्याची घरं झालीत. मे महिन्यात त्या पत्र्याखाली चुलीपुढं बसलेल्या बाईला किती धग सोसावी लागते हे मोजायला मॅडम तापमापक घेऊन तिथल्या घरांतून बसायच्या. भर दुपारी, त्या बायांबरोबर, भाकरी होईपर्यंत. त्यावर पीएचडीचा प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले एक गृहस्थ म्हणाले, "अभ्यास चांगला आहे, पण यात आर्किटेक्चर कुठंय?" त्या गृहस्थांच्या डोक्यावर त्या वेळी एसी चालू होता. पदवी मिळाली, पण ते वाक्य मॅडम विसरल्या नाहीत, आणि खरं तर मीही नाही.

कॉलेजच्या वेळेनंतर त्या घरांची कामं करायच्या. मोठी कामं टिकायची नाहीत. राहुरीकडच्या एका बड्या बागायतदाराच्या बंगल्यात कामवालीची खोली जिन्याखाली हवी होती, खिडकी नको म्हणाले, बाहेरून वाईट दिसते. मॅडम म्हणाल्या, "मग त्या खोलीत तुम्ही झोपा, बाईंना वरची द्या." काम गेलं. शिक्षकांची, नर्सबाईंची, दुकानदारांची अशी लहान घरं मात्र त्यांनी पुष्कळ बांधली. त्या घरांत गेलं की मे महिन्यातसुद्धा पंखा बंद करून गप्पा मारत बसता येतं. त्यांचा फोटो कुठल्या मासिकात आला नाही.

मग ते वसतिगृह आलं.

आमचं कॉलेज ज्या शिक्षण संस्थेचं आहे, तिची राजूरच्या पुढं डोंगरात मुलींची एक शाळा आहे. आसपासच्या वाड्यांवरच्या मुली तिथं राहून शिकतात. जुनं वसतिगृह पडायला आलं, तेव्हा संस्थेचे सचिव रविराज यांनी मॅडमना बोलावलं. रविराज हे अध्यक्षांचे चिरंजीव. अध्यक्षांना सगळे दादा म्हणतात. रविराज म्हणाले, "मॅडम, आपलंच काम आहे, तुम्हीच काढा नकाशे." मॅडमनी फी मागितली नाही. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली काम शिकत होते. त्या पावसाळ्यात आम्ही कितीदा राजूरला गेलो आणि मुलींच्या खोल्यांत बसलो. तिथला पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो आणि दिवसचे दिवस थांबत नाही. मुलींचे दोन-दोन युनिफॉर्म, दोन्ही ओले. ओलेच घालून वर्गात बसायच्या. पाळीची फडकी गाद्यांखाली घालून वाळवायच्या, कारण बाहेर दोरीवर कुणी टाकणार? आम्हाला हे तिथल्या स्वयंपाकीण मालनबाईंनी सांगितलं, तेही पुरुष मास्तर बाहेर गेल्यावर.

मॅडमनी नकाशा काढला. पश्चिमेच्या बाजूनं संडास-न्हाणीघरांची रांग, आतूनच जायचं, म्हणजे पावसाचा मारा ती रांग झेलणार आणि झोपायच्या खोल्या कोरड्या राहणार. पुढं खोल पडवी. आणि त्या रांगेच्या टोकाला, स्वयंपाकघराला लागून एक खोली, जिच्या भिंतीपलीकडं चूल आणि पाण्याचा बंब. त्या उबेवर कपडे वाळावेत, वरच्या झरोक्यातून दमट हवा बाहेर जावी. नकाशावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कपडे वाळवायची खोली'. त्या खोलीवर त्यांनी सगळ्यात जास्त काम केलं.

बांधकाम सुरू झालं आणि करोना आला. मॅडमना जाता येईना. त्या फोन करायच्या, कंत्राटदार फोटो पाठवायचा, सगळे पुढच्या बाजूचे. उद्घाटनाचं आमंत्रण मॅडमना मिळालं नाही. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात उतरतं छप्पर आणि पडवी अगदी नकाशाप्रमाणं दिसत होती. मॅडमनी वर्गात पेढे वाटले.

पुढच्या पावसाळ्यात त्या विद्यार्थ्यांना घेऊन इमारत दाखवायला गेल्या, मीही गेले. मॅडम भराभर पडवीतून आत शिरल्या, पश्चिमेच्या बाजूला वळल्या आणि थांबल्या. तिथं भिंत होती. भिंतीत एक पॉलिश केलेलं दार, दाराला कुलूप, वर पितळी पाटी: 'अतिथी कक्ष'.

"संडास कुठायत?" त्यांनी मालनबाईंना विचारलं.

मालनबाईंनी मागच्या खिडकीतून हात केला. इमारतीच्या मागं उतार, उतारावर चिखल, आणि पार खाली ओढ्याच्या काठाला पत्र्याची एक रांग. तिथं नळ नव्हता. मुली बादली घेऊन जायच्या.

"आणि वाळवायची खोली?"

"त्याच खोलीत ग्येली ती, मॅडम. पाव्हन्यांच्या."

निकिता नावाची सातवीतली एक मुलगी आमच्या मागं मागं फिरत होती. मॅडमनी तिला विचारलं, "अंधार पडल्यावर कशा जाता गं तिकडं?"

"जातच न्हाई," ती म्हणाली. "शाळा सुटल्यावर आमी पानीच पित न्हाई."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. रोजचं सांगावं तसं सांगितलं. मालनबाई म्हणाल्या, मुलींना लघवीला जळजळ होते, राजूरला डॉक्टरांकडं न्यावं लागतं, डॉक्टर दर वेळी म्हणतात पोरींना पाणी पाजा.

दुसऱ्या दिवशी मॅडम रविराज यांच्या केबिनमध्ये गेल्या. मला सोबत घेतलं, म्हणून पुढचं बोलणं मी ऐकलेलं आहे.

"बसा ना मॅडम. चहा सांगतो."

"संडास बाहेर का गेले?" मॅडम उभ्याच होत्या.

"ते होय. वास्तुवाले आले होते. दादांचा विश्वास आहे हो. ईशान्येला संडास नको म्हणाले."

"मी पश्चिमेला, वायव्येकडं दाखवले होते. तुमच्या वास्तुशास्त्राचीसुद्धा त्याला हरकत नसते."

"मग दुसरं काहीतरी म्हणाले असतील. आणि मॅडम, दादा तिकडं गेले, कुणी मंत्री-बिंत्री आले, तर त्यांना टेकायला जागा नको? कपडे वाळवायला खोली! खरं सांगा, लोक हसतील. दोरी बांधली की झालं."

"अकोले तालुक्याच्या डोंगरात पावसाळ्यात दोरीवर काय वाळतं?"

"मुलींना सवय असते हो. त्यांच्या घरी तरी कुठं असतं हे सगळं?"

"त्या मुली संध्याकाळी पाणी पीत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या पाहुण्याची खोली कोरडी राहावी म्हणून."

"बघू ना आपण. पुढच्या बजेटला घेऊ."

पुढच्या बजेटला घेतलं नाही. मॅडमनी तीन-चारदा आठवण केली. त्याच सुमारास कॉलेजच्या दर्जाची तपासणी करायला दिल्लीहून समिती येणार असं कळलं. प्राचार्य अवधूत सरांनी ठरवलं की आपल्या प्राध्यापकांचं उत्तम काम म्हणून ते वसतिगृहच समितीला दाखवायचं. मोठं मॉडेल करून घेतलं. सादरीकरण मॅडमनीच करायचं. अवधूत सर माणूस वाईट नाही. पण रविराज समोर आले की त्यांच्या तोंडून 'हो' शिवाय दुसरा शब्द निघत नाही.

मॅडमनी पडद्यावर दोन नकाशे शेजारी शेजारी लावले. एक काढलेला, एक बांधलेला. बांधलेला त्यांनी विद्यार्थ्यांकडून मोजून घेतला होता. आवाज अजिबात न चढवता त्यांनी समितीला सांगितलं, इथं न्हाणीघरं होती, इथं आता पाहुण्यांची खोली आहे. इथून संडासपर्यंत असा उतार आहे. पावसाळ्यात मुली इथून बादली घेऊन जातात. नंतर ओढ्याकाठच्या त्या पत्र्यांचा फोटो. सभागृहात पहिल्या रांगेत रविराज बसले होते.

समितीतल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "ही शाळा कुणाची?"

"याच संस्थेची," मॅडम म्हणाल्या.

अवधूत सरांनी घाईघाईनं चहाची वेळ झाल्याचं जाहीर केलं.

आठवड्याच्या आत कारणे दाखवा नोटीस आली. संस्थेची बदनामी केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये. मॅडमनी उत्तर दिलं की संस्थेनं बांधलेली इमारतच मी दाखवली, त्यात बदनामी वाटत असेल तर इमारत दुरुस्त करावी. नोकरीवरून काढायची हिंमत संस्थाचालकांत नव्हती, समितीनं अहवालात वसतिगृहाबद्दल एक ओळ लिहिलीच होती. म्हणून त्यांनी दुसरं केलं. डिझाइनचा विषय मॅडमकडून काढून घेतला. आयुष्यभर ज्यांनी डिझाइन शिकवलं त्यांना पर्यावरणाचा आठवड्यातला एक तास आणि ग्रंथालयाची देखरेख दिली. प्राध्यापकपदाची बढती मुलाखतीपर्यंत आली होती, ती 'तूर्त स्थगित' झाली. स्टाफरूममध्ये लोक त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून बसू लागले. हेच लोक पूर्वी आपल्या मुलांचे नकाशे त्यांना दाखवायला आणायचे!

विद्यार्थी मात्र नकाशे घेऊन ग्रंथालयात जायला लागले. मग ग्रंथालयात बोलण्यास सक्त मनाई असल्याचा फलक लागला. मॅडम त्या फलकाखाली बसून कागदावर लिहून मुलांना चुका दाखवायच्या.

त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाला आम्ही राजूरला गेलो. झेंडावंदनाला वाड्यांवरून आयाबाया, आज्या येतात. मॅडमना मुलींसाठी रेनकोट द्यायचे होते, एवढंच कारण होतं. पाऊस कोसळत होता, सगळ्या जणी पडवीत दाटीनं उभ्या होत्या. निकिता दोन दिवस तापानं फणफणत होती. तिची आजी लंकाबाई तिला बघायला आली होती. आजीनं नातीला विचारलं, नातीनं पाणी न पिण्याचं सांगितलं, मालनबाईंनी त्या बंद खोलीचं सांगितलं. लंकाबाई उठली आणि त्या पितळी पाटीच्या दारापुढं जाऊन उभी राहिली.

"ह्या खोलीत कोन ऱ्हातं?" तिनं मुख्याध्यापकांना विचारलं.

"पाहुण्यांसाठी आहे, आजी."

"कवा आल्ते पाव्हनं?"

मालनबाईच म्हणाल्या, "उद्घाटनाला. त्येच्यानंतर न्हाई कुनी."

"मंग उघडा. आज आमी पाव्हनं हाय."

किल्ली नगरला, सचिवांकडं. मुख्याध्यापकांनी फोन लावला. रविराज म्हणाले, त्यांना घरी जायला सांगा, पुढच्या आठवड्यात बघू. लंकाबाई दाराला पाठ लावून खाली बसली. "मी न्हाई जात," म्हणाली. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग सगळ्याच. फोन मॅडमच्या हातात आला. रविराज इतक्या जोरात बोलत होते की मला ऐकू येत होतं.

"हे तुम्ही घडवून आणलंय!"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मी आणलं असतं तर फार आधी आणलं असतं. किल्ली पाठवा."

किल्ली यायला दिवस मावळायला आला. गाडी आली, ड्रायव्हरनं किल्ली दिली, मुख्याध्यापकांनी दार उघडलं. आत डबल बेड. गादीवरचं प्लास्टिक अजून तसंच. भिंतीला एसी, राजूरच्या त्या गारठ्यात! पलीकडं गुळगुळीत फरशांचं न्हाणीघर, गिझर, पांढरंशुभ्र बेसिन. लंकाबाईनं नळ फिरवला. धो-धो पाणी आलं. तिनं तो बंद केला, पुन्हा चालू केला, आणि एक अशी शिवी हासडली की मुख्याध्यापक बाहेर गेले.

मी मॅडमकडं बघितलं. त्या माझ्याकडं पाठ करून भिंतीवरून हात फिरवत होत्या. मला वाटलं रडतायत. त्या म्हणाल्या, "चार इंची आहे नुसती. ही तोडता येईल."

त्या दिवसापासून ती खोली मुलींची झाली. संस्थेनं गाजावाजा नको म्हणून गप्प राहायचं ठरवलं. बायांनी मात्र बाजाराच्या दिवशी राजूरमध्ये ज्याला त्याला सांगितलं, त्यामुळं गप्प राहणं अवघड झालं. दिवाळीनंतर भिंत तुटली. नळ, न्हाणीघरं, संडास आत आले. बेड आणि एसी गाडीत घालून कुठं गेले ते विचारू नका. आणि वाळवायची खोलीही झाली, मॅडमनी काढली होती तशी नाही, थोडी लहान, पण झाली. मी गेल्या पावसाळ्यात पाहिली. दोऱ्यांवर निळे फ्रॉक, टॉवेल, आणि एका बाजूला पडद्याआड ती फडकी. निकिता आता नववीत आहे. मला म्हणाली, "ताई, इथं अभ्यासाला बी लई बरं वाटतं, ऊब असती."

मॅडमना याबद्दल काय मिळालं? काही नाही. बढती स्थगितच राहिली, त्या सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर महिन्याभरात वसतिगृहाला ग्रामीण वास्तुरचनेचं एक बक्षीस मिळाल्याची बातमी आली. फोटोत रविराज मानचिन्ह घेऊन वाळवायच्या खोलीपुढं उभे होते आणि खाली छापलं होतं, 'संकल्पना: रविराज'. बातमीत वाळवायच्या खोलीचं भरभरून कौतुक होतं. 'मुलींच्या गरजांचा इतका संवेदनशील विचार क्वचितच दिसतो', असं परीक्षकांनी म्हटलं होतं.

मी पेपर घेऊन तरातरा मॅडमच्या घरी गेले. म्हटलं, आपण पत्र पाठवू, मूळ नकाशावर तुमची सही आहे, तारीख आहे.

"पाठवलं सकाळीच," त्या म्हणाल्या. "नकाशासकट. बक्षीस देणाऱ्यांना, आणि पेपरलाही."

"तुम्हाला बक्षीस पाहिजे?"

"बक्षीस कशाला? पण त्यांनी खोटं का बोलायचं?" त्यांचा आवाज चढला होता, तो मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला. "तो माणूस मला म्हणाला होता, लोक हसतील. आता त्याच खोलीपुढं उभा राहून फोटो काढून घेतोय. सोडून द्यायचं? मी नाही सोडणार."

पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. महिने झाले. मॅडम दर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठवतात. कॉलेजातल्या मुली आता रविवारी त्यांच्या घरी नकाशे घेऊन येतात, बैठकीच्या खोलीत फरशीवर पसरून बसतात. परवा मी गेले तेव्हा एक पहिल्या वर्षाची मुलगी आपला नकाशा दाखवत होती, शाळेचा होता. मॅडम चष्मा वर सरकवून त्यावर वाकल्या होत्या.

"मुतारी कुठंय मुलींची?"

"मॅडम, ती... मागच्या बाजूला."

"किती मागं? पावसात चालून दाखव."